अण्णांच्या गाडीची मागची काच

कुणी विचारलं, 'हल्ली काय करता?' की मी सांगते, 'गाड्यांच्या प्लास्टिकच्या काचा साफ करते.' या वयात बाईवर ही वेळ का आली असावी, असा प्रश्न समोरच्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतो. मी तो थोडा वेळ तसाच राहू देते. साठी ओलांडली की करमणुकीची साधनं कमी होतात.

खरं काम असं आहे. जुन्या उघड्या जीप किंवा कापडी टपाच्या मोटारी असतात, त्यांच्या सगळ्याच खिडक्या काचेच्या नसतात. टप घडी करून मागे टाकायचा तर त्यात काच कशी चालेल? म्हणून तिथे पारदर्शक प्लास्टिक असतं. काही गाड्यांना उचलून ठेवता येईल असा कडक टप असतो, त्यालाही वजन कमी राहावं म्हणून मागे प्लास्टिकच. यात दोन जाती. एक मऊ, जेवणाच्या टेबलावर अंथरतात तसं. दुसरं कडक, बोटाने वाजवलं तर टणटण बोलणारं, त्याला अॅक्रिलिक म्हणतात. नवं असताना दोन्ही पाण्यासारखं स्वच्छ. मग ऊन, धूळ आणि मालकाची माया यांनी त्याचं हळूहळू ताक होतं. त्या ताकातून पुन्हा पलीकडचं दिसेल असं करणं हे माझं काम. मालकाची माया हे मी गमतीने लिहिलेलं नाही. प्लास्टिकचं सगळ्यात जास्त नुकसान कोरडं फडकं करतं, आणि कोरडं फडकं नेहमी माया असलेल्या माणसाच्याच हातात असतं.

हे काम मी शिकले चिंचवडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत. मोटरसायकली आणि मोटारींच्या मीटरवर जी पारदर्शक झाकणं असतात, ती आमच्याकडे बनायची. साच्यातून निघालेल्या झाकणावर बारीक ओरखडे असायचे. ते घालवून चकाकी आणायची, त्या खात्याचं नाव फिनिशिंग. आम्ही चौदा बायका. आधी ओला पॉलिश पेपर, खरखरीत ते मऊ अशा क्रमाने. मग पॉलिशचं मलम, मग तलम कापड. शेवटी झाकण ट्यूबलाइटखाली तिरकं धरायचं. ट्यूबची पांढरी रेघ त्यावर लखलखीत उमटली तर पास, मधेच पुसट झाली तर पुन्हा पेपरावर. सव्वीस वर्षं मी ती रेघ बघितली. दापोडीच्या घरी स्वयंपाक करताना स्टीलचं ताटसुद्धा मी आधी ट्यूबखाली तिरकं धरायची. आमचे हे म्हणायचे, 'पास झालं असेल तर वाढ आता.'

मग कंपनी चाकणला गेली. तिथल्या नव्या मशीनमधून झाकण निघतं तेच चकचकीत, वर कसलासा थर दिलेला. आमच्या खात्याचं काम संपलं. कुणाला काढलं नाही, हे कबूल करायला हवं. आम्हाला पॅकिंगला घातलं. कंपनीच्या बसने रोज चाकणला जायचं आणि खोक्यांवर चिकटपट्टी ओढायची. ती पट्टी ओढताना होणारा आवाज मला अजून आवडत नाही. चार वर्षं काढली आणि राजीनामा दिला. सव्वीस वर्षांचा हात आता कुणालाच नको, याचं वाईट वाटलं होतं. तसं कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण बोलून दाखवावं असं त्यात काही आहे, हे तेव्हा कळत नव्हतं.

पुढचं काम अपघाताने मिळालं. यांच्या स्कूटरचं सीट उसवलं होतं, ते शिवायला मी काळेवाडीत अन्वरभाईंच्या दुकानात गेले. अन्वरभाई गाड्यांचे टप आणि सीट कव्हर शिवतात. माणूस हाडाचा कारागीर. नजरेने माप घेतात आणि मग लोकांच्या समाधानासाठी टेप लावतात. त्या दिवशी ते एका जीपच्या टपातून धुरकट झालेली मागची खिडकी कापून फेकणार होते.

मला राहवलं नाही. म्हटलं, "टाकताय कशाला? पाणी लावून बघितलं का?"

"पाणी कशाला, ताई? दहा वेळा धुतलीय."

"धुवायला नाही. बघायला."

मी बोट ओलं करून त्या धुरकट जागेवर पाण्याचा एक पट्टा ओढला. तेवढ्या पट्ट्यातून पलीकडची भिंत स्वच्छ दिसली. या धंद्यातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात उपयोगी परीक्षा हीच. पाण्याने ओरखडे भरून निघतात. ओलं केल्यावर स्वच्छ दिसलं तर खराबी वरवरची आहे, हाताने निघेल. ओलं करूनही ताकच राहिलं तर खराबी आतपर्यंत गेली, तिथे कुणाचं काही चालत नाही. अन्वरभाईंनी कात्री खाली ठेवली. "तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी फिनिशिंगची." त्या आठवड्यापासून त्यांच्या दुकानाचा उजेडाकडचा कोपरा माझा झाला. त्याला आता नऊ वर्षं झाली.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. मोबाइलवर बघून टूथपेस्टने खिडकी घासून आणणारे पुष्कळ. त्यांच्या गाडीला पुदिन्याचा वास येतो. लग्नाच्या वरातीला उघडी जीप भाड्याने देणारे एक भाऊ होते, त्यांनी डाग निघावा म्हणून कडक खिडक्यांना थिनर लावला. अॅक्रिलिकला थिनर, पेट्रोल, स्पिरिट काहीही चालत नाही. वरून काही दिसत नाही, पण दोन दिवसांत आतून बारीक बारीक तडे जातात, उन्हात सुकलेल्या तळ्यासारखे. मी पाणी लावून बघितलं आणि सांगितलं, गेली. ते म्हणाले, "पण राव, लावला तेव्हा काय चमकली होती." चमकली होती हे खरंच होतं. मी त्यांना तेव्हा चांगलंच सुनावलं, चमकण्याला भुलू नका म्हणून. पुढे वर्षभरात तोच धडा मला शिकावा लागला, म्हणून ते सुनावणं आता आठवलं की जरा लाज वाटते.

तो धडा ज्यांच्यामुळे मिळाला ते बबनअण्णा. भोसरीच्या जुन्या गावातले, वय पंचाहत्तरच्या आसपास, धोतर नाही पण टोपी कायम. आयुष्यभर एका मोटार कंपनीत टेस्ट ड्रायव्हर होते. म्हणजे नवी गाडी घ्यायची आणि कंपनीच्या ट्रॅकवर दिवसभर खड्ड्यांतून, चिखलातून, दगडांवरून फेऱ्या मारायच्या आणि मग इंजिनिअर लोकांना सांगायचं की कुठे काय वाजतंय. अण्णा नुसतं बसून सांगायचे की डाव्या बाजूचा कुठला तरी बोल्ट अर्धा फेरा ढिला आहे, आणि तो असायचा. त्यांच्या एका साहेबांनी पंधरा वर्षांपूर्वी नोकरी सोडून परगावी जाताना आपली जुनी विलायती गाडी अण्णांच्या हवाली केली होती. 'बबन, हिला उभी ठेवू नकोस,' एवढंच म्हणाले होते. मोरपंखी रंगाची, दोनच सीटची, इतकी बसकी की आत बसलं की रस्त्यावर बसल्यासारखं वाटतं. तिला उचलून ठेवायचा कडक टप होता, आणि टपाला मागे एकसंध अॅक्रिलिकची काच, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत गोल वळलेली.

अण्णा आले ते मुलाबरोबर. संतोष चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. मुलगा सालस, पण तोंडावर काळजी.

"मावशी, स्पष्ट सांगतो," संतोष म्हणाला. "या काचेतून मागचं काहीच दिसत नाही. गेल्या महिन्यात अण्णांनी रिव्हर्स घेताना शेजाऱ्यांची स्कूटर पाडली. स्कूटरवर कुणी नव्हतं म्हणून बरं. असतं तर?"

अण्णा टोपी काढून डोकं खाजवत उभे होते.

"हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने गाडी मागितलीय," संतोष पुढे म्हणाला. "दारात उभी करणार, लोकांना फोटो काढायला. मी हो म्हणालोय. मागचं दिसत नसेल तर अण्णांनी चालवायची नाही, आणि चालवायची नाही तर ठेवायची कशाला?"

"फोटो काढायला," अण्णा फक्त एवढंच म्हणाले. पण ज्या सुरात म्हणाले, त्यावरून मला कळलं की हॉटेलच्या दारात ती गाडी नाही, अण्णाच उभे राहणार होते.

मी काचेवर पाण्याचा पट्टा ओढला. स्वच्छ. अण्णांचा चेहरा उजळला. एवढी धुरकट झाली कशी, विचारलं तर म्हणाले, "रोज सकाळी फडक्यानं पुसतो की. येक दिवस चुकवला न्हाई."

"कोरड्या?"

"व्हय. वल्ल्यानं गंज चढंल म्हनून."

पंधरा वर्षं रोज सकाळी या माणसाने मायेने स्वतःची काच आंधळी केली होती. मी त्यांना रागावले नाही. एरवी या बाबतीत मी कुणाला सोडत नाही.

नवी काच का नाही, असं कुणी विचारेल. सपाट अॅक्रिलिक भोसरीत हवं तेवढं मिळतं. पण ही गोल, तीन बाजूंनी वळलेली. साचा करून, तापवून वाकवावी लागते. तसं काम करणाऱ्यांकडे अन्वरभाईंनी विचारपूस केली होती. दोघांनी नको म्हटलं, तिसऱ्याने केलेली टपात बसेना. होती तीच काच, आणि तिच्यावर एकच खोल जखम. डाव्या कोपऱ्यात, गॅरेजचा पत्रा घासून झालेला वीतभर ओरखडा. नखाला लागत होता.

तीन दिवस मी त्या काचेवर काम केलं. सगळीकडचा धुरकटपणा सहज निघाला. खोल ओरखड्यावर मी अंगठ्याखाली पेपर धरून तेवढ्याच जागी घासत राहिले. कंपनीत आम्ही असंच करायचो. जिथे ओरखडा तिथे अंगठा. शेवटी नख फिरवलं तर ओरखडा लागेना. काच ट्यूबखाली धरली. रेघ अशी उमटली की अन्वरभाई म्हणाले, "ताई, हिच्यात बघून दाढी करावी." काच मुळातच गोल, त्यामुळे रेघ वाकडी दिसली तरी मला त्यात वावगं वाटलं नाही. सगळ्यांनी वाहवा केली. संतोषनेही हॉटेलवाल्याला थांबा म्हणून फोन केला. अण्णा गाडी चालवत घेऊन गेले, आणि मी घरी जाऊन यांना दोनदा ती गोष्ट सांगितली.

तिसऱ्या दिवशी अण्णा एकटेच आले. काही तक्रार केली नाही. म्हणाले, "शोभाताई, जरा फेरी मारून येऊ."

मी पदर कमरेला खोचलेला, हात मलमाने माखलेले, तशीच बसले. पिंपरीच्या दिशेने निघालो. थोडं अंतर गेल्यावर अण्णा म्हणाले, "आता म्हागं बघा. डाव्या अंगाला. तुमीच सांगा."

मी वळून बघितलं. रस्त्याकडेचे विजेचे खांब मागे पळत होते. काचेच्या डाव्या कोपऱ्यात आले की प्रत्येक खांब कमरेत वाकत होता आणि पुन्हा सरळ होत होता. मागून एक मोटरसायकल आली. त्या कोपऱ्यात शिरली तशी तिचं चाक अंड्यासारखं लांबट झालं, चालवणारा बारीक होत होत जवळजवळ नाहीसा झाला, आणि मग एकदम आमच्या अंगावर आल्यासारखा मोठा झाला. मी दचकून सीटला धरलं.

अंगठ्याने मी तिथे खळगा पाडला होता. ओरखडा गेला होता, पण तेवढी जागा बशीसारखी खोल झाली होती. आणि खळग्यातून कधी सरळ दिसत नाही.

"आरशात बघितलं तर मागचा हाय का न्हाई, कळंना," अण्णा शांतपणे म्हणाले. "धुरकट व्हती तवा निदान दिसत न्हाई एवढं तरी कळत व्हतं."

घरी परतले. चूक झाली याचं दुःख होतंच, पण त्याहून एक दुसरी गोष्ट मनाला लागली होती. सव्वीस वर्षं मी पारदर्शक वस्तू बनवत होते, आणि सव्वीस वर्षांत एकदाही मी त्यातून पलीकडे बघितलं नव्हतं. मी नेहमी वर बघितलं, चकाकीकडे. माझ्या हातची हजारो झाकणं गाड्यांवर चढून देशभर गेली. त्यांच्या मागे बसून कोण काय बघतं, काटा कसा दिसतो, हे बघायची माझ्यावर कधी पाळीच आली नाही. मोटारीत पुढच्या सीटवर मी बसले ती अण्णांच्या गाडीत, त्या दिवशी पहिल्यांदा. हे कुणी माझ्यापासून लपवलं नव्हतं. मीच कधी विचारलं नव्हतं.

अण्णांचं मला फार कौतुक वाटलं. दुकानात चारचौघांत त्यांना म्हणता आलं असतं की बाई, काम फसलं. त्यांनी मला गाडीत बसवलं, शेजारची जागा दिली आणि माझी चूक मलाच बघू दिली. इंजिनिअर लोकांना ते असंच शिकवत असणार. हाताखालच्या माणसाला अपमान न करता चूक दाखवणं ही कला मी कुठल्याही सुपरवायझरमध्ये पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संतोषचा फोन आला. त्यानेही गाडी चालवून बघितली होती. "मावशी, तुम्ही मेहनत घेतली, मान्य. पण हे आधीपेक्षा डेंजर आहे. रविवारी हॉटेलवाले गाडी न्यायला येतायत."

मी म्हटलं, "रविवारपर्यंत काच माझ्याकडे ठेव."

खळगा भरता येत नाही. एकच उपाय असतो, आजूबाजूची सगळी काच खळग्याच्या पातळीला आणायची. म्हणजे स्वच्छ झालेली काच पुन्हा खरखरीत पेपरने घासून पांढरीफटक करायची आणि पहिल्यापासून सुरुवात. पण काच आधीच पातळ. कडेला स्क्रूची भोकं. जोर जास्त झाला तर भोकापासून तडा जाणार, आणि मग हॉटेलच्या दारात उभी करायलाही गाडी पुरी राहणार नाही. मी हे सगळं अण्णांना सांगितलं.

ते म्हणाले, "तुटली तर तुटली. तशीबी जाणारच हाय. पर तुमच्या हातनं जाऊ द्या."

असं बोललेलं ओझं फार जड असतं.

अन्वरभाईंनी रबराचा एक जाड तुकडा कापून दिला, काचेच्या गोलाईबरोबर वाकेल असा. पेपर त्याला गुंडाळला आणि अंगठ्याला सुट्टी दिली. लांब लांब हात, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, सतत पाणी सोडत. आधी आडवे, मग पेपर बदलून उभे. आडव्या रेघा उभ्यांनी पूर्ण खाऊन टाकल्याशिवाय पुढचा पेपर घ्यायचा नाही. पहिल्या दिवसाअखेर काच दुधासारखी झाली. अण्णा डोकावून गेले, त्यांनी ती बघितली, टोपी सारखी केली आणि चहा सांगून निघून गेले.

ट्यूबलाइटची परीक्षा मी बंद केली. नवीन परीक्षा हवी होती, पलीकडे बघायची. दुकानामागे दोरीवर अन्वरभाईंची निळ्या चौकड्यांची लुंगी वाळत होती. मी ओली काच तिच्यासमोर धरली. काच ओली असली की पेपराच्या मधल्या टप्प्यातही आरपार दिसतं. चौकड्या सगळीकडे सरळ, आणि डाव्या कोपऱ्यात पोटात कळ आल्यासारख्या वाकलेल्या.

"ताई, लुंगी काढू का आत?" अन्वरभाईंनी विचारलं. "लोक बघतायत. बाई माझी लुंगी न्याहाळतीय म्हणतील."

"काढली तर तुमचा गळा धरीन," मी म्हटलं. पुढचे चार दिवस ती लुंगी दोरीवरच राहिली. भल्या माणसाने एकदाही तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी चौकड्यांचा वाक निम्मा झाला. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. चौथ्या दिवशी सकाळी उभा हात मारताना 'टिक' असा आवाज झाला. हात जागच्या जागी थांबला. डाव्या बाजूच्या तिसऱ्या भोकापासून तांदळाएवढा तडा गेला होता. तडा एकदा सुटला की तो थांबत नाही, वाट फुटेल तिकडे पळतो. अन्वरभाईंनी सगळ्यात बारीक ड्रिल काढलं आणि तड्याच्या टोकावर टाचणीएवढं भोक पाडलं. गोल भोकाला टोक नसतं, त्यामुळे तडा तिथे येऊन थांबतो. त्यांचे हात एरवी शिवणाचे, पण त्या वेळी ते जरासुद्धा हलले नाहीत. तो तडा आता रबरी पट्टीखाली आहे. अण्णांना मी तो दाखवला. त्यांनी बोटाने चाचपला आणि म्हणाले, "असू द्या. मलाबी दोन ठिकानी हाय."

शनिवारी दुपारी मलम लावून काच पुसली, ओल्या कापडाने, आणि लुंगीसमोर धरली. चौकड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चौकड्याच होत्या. माझ्या मनाला मात्र खात्री वाटेना. आधीही मला खात्रीच वाटली होती.

रविवारी सकाळी टप बसवला. दुपारी हॉटेलवाले येणार होते. संतोष म्हणाला, "अण्णा, तुम्ही चालवा. मावशींना शेजारी बसवा. मी बाइकवर मागे राहतो. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय तुम्ही कशी चालवता." आवाजात राग नव्हता. रात्रंदिवस बापाची काळजी करणाऱ्या माणसाचा असतो तसा थकवा होता.

त्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसले होते. एरवी कामावर पदर खोचलेला असतो. आज म्हटलं, काय व्हायचं ते नीटनेटकं होऊ दे. त्या बसक्या गाडीत साडी सावरत बसले, दार ओढून घेतलं, निघालो. मी मागे बघितलंच नाही. मांडीवर हात ठेवून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. वळून बघितलं आणि खांब वाकलेले दिसले तर, या भीतीने मान वळेना. अण्णांचे डोळे समोर, आरशात, समोर, आरशात, असे चालले होते. पन्नास वर्षांची सवय.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर अण्णांनी वेग कमी केला.

"संतोष कायतरी दावतोय," ते आरशात बघत म्हणाले. "डाव्या अंगाला आलाय. खांद्यावर हात मारतोय सारखा." थोडं थांबून पुन्हा बघितलं. "पदर. पदर म्हनतोय. शोभाताई, तुमचा पदर दारात अडकलाय, भाईर लोंबतोय."

मी खाली बघितलं. खरंच, हातभर पदर दाराबाहेर गेला होता. पुढे सिग्नल होता, तिथे गाडी थांबली तशी मी दार उघडून पदर आत ओढला. काठाला चाकाचं काळं लागलं होतं. संतोष बाइक घेऊन खिडकीशी आला आणि त्याने हेल्मेटची काच वर केली.

"मावशी, चाकात गेला असता! केव्हापासून खुणा करतोय. बरं झालं कळलं तुम्हाला. कुणी सांगितलं?"

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा समोर बघत होते.

"तूच की," ते म्हणाले.

संतोषने मान वळवून काचेच्या त्या डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. मग आत, आरशाकडे. मग बापाकडे. मी पदर मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि मला रडू येत होतं, ते त्या दोघांनाही दिसलं असणार. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

"चला अण्णा, हिरवा झाला," संतोष म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे. मी बाजूला घेऊन हॉटेलवाल्याला येऊ नका म्हणून फोन करतो."